मार्गोपदेशिका लिहिणारे हेडमास्तर



या स्मरणिकेत आपल्याला शिकवणाऱ्या सरांविषयी आणि बाईंविषयी पुष्कळ लिहून येणार, आणि ते यायलाच हवे. मी मात्र आपल्या सरांच्या सरांनाही ज्यांनी शिकवले, अशा एका हेडमास्तरांविषयी लिहितो आहे. आठवीत संस्कृत घेतलेल्यांनी जरा आठवून पाहावे. पहिल्याच तासाला कोणी आपल्याला पाणिनीची सूत्रे पाठ करायला लावली नाहीत. आधी जाणे, बोलणे, पडणे, नमस्कार करणे असे पाच-सात धातू आले. मग त्यांची वर्तमानकाळाची रूपे, मग दोन-तीन शब्दांची वाक्ये, मग नामे आणि विभक्ती. असे करत करत एक दिवस सिंह आणि सशाची गोष्ट आपली आपल्याला वाचता आली. हा क्रम आपल्याला इतका साहजिक वाटला, की तो कोणीतरी डोके लावून बसवला असेल हे मनातही आले नाही. आपल्याकडच्या शाळांत हा क्रम रुजवणाऱ्यांमध्ये सर्वांत मोठे नाव आहे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे.

पुण्याच्या भांडारकर संस्थेमुळे नाव सगळ्यांना ठाऊक असते. संस्थेच्या नावामागचा माणूस मात्र बहुतेकांना ठाऊक नसतो. आपल्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनचे नाव आज रोमन जगाच्या इतिहासात घेतले जाते. ते का, हे समजून घ्यायचे तर वाट भांडारकरांच्या दारावरूनच जाते. तो भाग शेवटी येईल.

मालवण ते मुंबई

भांडारकरांचा जन्म 6 जुलै 1837 रोजी मालवणचा. घराण्याचे मूळ आडनाव पत्की. पूर्वजांकडे सरकारी भांडाराचे म्हणजे खजिन्याचे काम आल्यामुळे भांडारकर हे नाव पडले. वडील गोपाळराव महसूल खात्यात साधे कारकून. बदली होईल तिकडे बिऱ्हाड हलायचे. ही बदली रत्नागिरीला झाली आणि मुलाचे नशीब उघडले, कारण तिथे सरकारी इंग्रजी शाळा होती. तिथले शिक्षण संपवून सोळा-सतरा वर्षांचा रामकृष्ण मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये आला. त्या काळी कारकुनाच्या घरातल्या मुलाने कोकणातून मुंबईला शिकायला जाणे ही लहान गोष्ट नव्हती.

गंमत अशी, की या मुलाचा ओढा संस्कृतकडे नव्हता. त्याला गणित आणि विज्ञान आवडे. एल्फिन्स्टनमध्ये त्याला गणित शिकवायला दादाभाई नौरोजी होते. पुरावा पाहिल्याशिवाय पुढची पायरी चढायची नाही, ही सवय तिथे लागली आणि ती जन्मभर टिकली. संस्कृतकडे ते वळले ते कॉलेज संपता संपता, शिक्षण खात्याचे प्रमुख हॉवर्ड यांच्या सूचनेवरून. दक्षिणा फेलो म्हणून पुण्याला आल्यावर त्यांनी शास्त्र्यांपाशी बसून व्याकरण, न्याय, वेदान्त असा जुन्या परंपरेचा अभ्यास केला. म्हणजे वयाची विशी ओलांडल्यावर हा माणूस संस्कृतच्या पायरीवर विद्यार्थी म्हणून बसला. नवख्या माणसाला कुठे अडते, हे त्यामुळे त्यांना नेमके कळले असावे.

मुंबई विद्यापीठाची बी. ए. ची पहिली तुकडी 1862 साली बाहेर पडली. त्यात चारच जण होते: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. पुढच्या वर्षी भांडारकर एम. ए. झाले. त्यानंतर मोठ्या पगाराची इतर खाती मोकळी असताना ते शाळामास्तर झाले. आधी सिंधमधल्या हैदराबादच्या हायस्कुलात आणि मग 1865 मध्ये ज्या रत्नागिरीत शिकले तिथल्याच हायस्कुलात ते हेडमास्तर म्हणून आले.

दोन पुस्तके

मुंबई विद्यापीठाने तोवर परीक्षांमध्ये संस्कृत, लॅटिन, ग्रीक, अरबी अशा अभिजात भाषांना जागा दिली होती. लॅटिन शिकवण्याची व्यवस्था युरोपात पिढ्यान् पिढ्या तयार होती. तिथला मुलगा आधी छोटी वाक्ये लावी, मग सीझरचे युद्धवर्णन वाची, मग लिव्हीचा इतिहास आणि व्हर्जिलचे काव्य. भाषा शिकता शिकता रोमन माणसाची सेना, सभा, कायदा, घर आणि देव यांची ओळख त्याला होई. संस्कृतसाठी आपल्याकडे अशी सोय नव्हती. पाठशाळेत मुलगा आधी रूपावली, समासचक्र आणि अमरकोश तोंडपाठ करी. अर्थ पुढे कधीतरी उमगे. ही पद्धत ज्याला बारा वर्षे त्याच कामाला वाहून घेता येत होते त्याच्यासाठी होती, आणि पाठशाळेचा उंबरठा सगळ्यांना खुलाही नव्हता. हायस्कुलातल्या मुलाला गणित, भूगोल, इंग्रजी यांच्या जोडीला आठवड्याचे काही तासच संस्कृतसाठी मिळत. या मुलाच्या हाती काय द्यायचे, हा प्रश्न होता.

भांडारकरांनी 1860 च्या दशकात त्याचे उत्तर दोन पुस्तकांनी दिले. इंग्रजीत ती संस्कृतचे पहिले पुस्तक आणि दुसरे पुस्तक म्हणून ओळखली गेली. त्यांची संस्कृत नावे फार बोलकी आहेत. पहिले 'मार्गोपदेशिका', म्हणजे वाट दाखवणारी, आणि दुसरे 'संस्कृतमन्दिरान्तःप्रवेशिका', म्हणजे संस्कृतच्या मंदिरात आत नेणारी. ज्या काळात खऱ्या मंदिरात कोणी कुठवर जायचे हे जातीवर ठरत होते, त्या काळात दुकानातून विकत घेता येणाऱ्या शालेय पुस्तकाला हे नाव दिले गेले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पहिल्या पुस्तकाची मांडणी शिक्षकाच्या नजरेने पाहिली तर थक्क व्हायला होते. संस्कृतात धातूंचे दहा गण. त्यातला पहिला, चौथा, सहावा आणि दहावा हे चार गण चालायला सोपे. भांडारकरांनी पहिल्या पुस्तकात तेवढेच घेतले आणि अवघड सहा गण दुसऱ्या पुस्तकात ढकलले. काळ आणि अर्थ यांतलेही आधी चारच: वर्तमान, अनद्यतन भूत, आज्ञार्थ आणि विध्यर्थ. परोक्ष भूतासारखी दमवणारी प्रकरणे दुसऱ्या पुस्तकात. प्रत्येक पाठात थोडे नियम, थोडे शब्द आणि मग वाक्ये. काही वाक्ये संस्कृतातून इंग्रजीत करायची, काही इंग्रजीतून संस्कृतात. संधीचे नियमही एकदम अंगावर न टाकता वाक्यात गरज पडेल तसे दिलेले. मुलाला पहिल्याच पाठात पूर्ण वाक्य बनवता येई, कारण संस्कृतात नुसते क्रियापद हेही वाक्य असू शकते. या एका गोष्टीचा फायदा त्यांनी किती हुशारीने घेतला!

अशी पुस्तके लिहिणे विद्वानाला सहसा कमीपणाचे वाटते. भांडारकरांना तसे वाटले नाही. पुढे त्यांनी केलेल्या संशोधनावर जगभर चर्चा झाली, पण देशभर सर्वांत जास्त हातांत गेली ती ही दोन पुस्तके. त्यांच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, ती आजही छापली जातात, आणि मागून आलेल्या कितीतरी क्रमिक पुस्तकांनी त्यांचीच चाल उचलली. त्या काळी आपला भाग निजामाच्या राज्यात होता आणि मुंबई इलाख्याचा अभ्यासक्रम इकडे चालत नव्हता. तरी पुढे आपल्यापर्यंत संस्कृत आले ते याच वळणाने.

डावलले गेले तरी

रत्नागिरीहून त्यांना मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतच्या प्राध्यापकाच्या जागेवर तात्पुरते बोलावण्यात आले. ती जागा जर्मन पंडित ब्यूलर यांची होती. काही वर्षे भांडारकरांनी ती उत्तम सांभाळली. जागा कायमची भरायची वेळ आली तेव्हा मात्र विलायतेहून पीटर पीटरसन यांना आणण्यात आले आणि भांडारकरांना त्यांच्या हाताखाली राहावे लागले. गोऱ्या माणसाला पुढे करण्याचा हा प्रकार होता, आणि तेव्हाच्या लोकांनाही तो दिसत होता. भांडारकरांनी त्यावर तोंड कडू करून घेतले नाही. त्यांनी वाचन आणि लेखन वाढवले. पुढे इलाख्यातली जुनी हस्तलिखिते शोधण्याचे काम निघाले तेव्हा दोघांनीही ते केले. गावोगावच्या ब्राह्मणांच्या घरांतून आणि जैन भांडारांतून हजारो पोथ्या सरकारी संग्रहात आल्या आणि नष्ट होण्यापासून वाचल्या. कीलहॉर्न जर्मनीला परत गेल्यावर पुण्याच्या डेक्कन कॉलेजातली जागा भांडारकरांना मिळाली आणि 1893 मध्ये निवृत्त होईपर्यंत ते तिथे होते. दरम्यान 1885 मध्ये जर्मनीतल्या गोटिंगेन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली आणि दुसऱ्या वर्षी व्हिएन्नाच्या प्राच्यविद्या परिषदेला ते स्वतः जाऊन आले.

व्याकरणातून इतिहास

या माणसाचे मोठेपण एका उदाहरणावरून सांगतो, कारण ते आपल्या वर्गातल्या पहिल्या पाठाशी जोडलेले आहे.

पाणिनीच्या व्याकरणावर पतंजलीने महाभाष्य लिहिले. ते कधी लिहिले? ग्रंथात सन नाही. पण व्याकरणकार नियम समजावताना उदाहरणे देतो, जशी आपल्या बाई फळ्यावर द्यायच्या, आणि उदाहरणे आजूबाजूच्या जगातूनच सुचतात. यवनांनी साकेत नगराला घातलेल्या वेढ्याचे उदाहरण पतंजली भूतकाळाच्या अशा रूपासाठी देतो, की जी घटना प्रसिद्ध आहे आणि बोलणाऱ्याला पाहता आली असती. याकडे गोल्डस्टुकर या पंडिताचे लक्ष आधीच गेले होते. भांडारकरांनी त्याच्या जोडीला दुसरे उदाहरण ठेवले. सुरू झालेल्या पण अजून न संपलेल्या क्रियेला वर्तमानकाळ वापरावा, हे सांगताना पतंजली पुष्यमित्राच्या यज्ञाचा उल्लेख करतो. उल्लेख वर्तमानकाळात आहे, म्हणजे लिहिताना तो यज्ञ चालू होता. पुष्यमित्र शुंगाचा काळ ठाऊक आहे, तेव्हा पतंजली इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या मध्याच्या सुमाराचा ठरतो. 1872 मध्ये त्यांनी हे मांडले आणि बर्लिनच्या वेबर यांच्यासारख्या नामवंताशी त्यावर जाहीर वाद घातला. प्राचीन भारताच्या कालगणनेला एक भक्कम खुंटी मिळाली.

ज्या वर्तमानकाळाने आपण संस्कृत सुरू केले, त्यानेच हे काम केले. रत्नागिरीच्या मुलांना क्रियापदाचा काळ नीट ओळखायला शिकवणारा माणूस स्वतः त्याच दृष्टीने दोन हजार वर्षांपूर्वीचे पुस्तक वाचत होता. भाषा नीट वाचता आली की इतिहास बोलायला लागतो, आणि नीट वाचता आली नाही तर जो तो आपल्या सोयीचा इतिहास त्यात घालतो.

हे त्यांनी घरच्या प्रश्नातही दाखवले. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्रात रण माजले. कायदा धर्माविरुद्ध आहे, असे लोकमान्य टिळक आणि इतरांचे म्हणणे. भांडारकरांनी धर्मशास्त्राचे ग्रंथच उघडले आणि मुलींच्या लग्नाच्या वयाबद्दल त्यांत खरोखर काय लिहिले आहे ते मांडून कायद्याची बाजू घेतली. त्याच वर्षी आपल्या विधवा मुलीचा त्यांनी पुनर्विवाह लावला. प्रार्थना समाजाचे ते आधारस्तंभ होते आणि तुकोबांवर त्यांची निष्ठा होती. लोकांना उपदेश आणि घरात सूट, असा प्रकार त्यांनी केला नाही. लोकांचा रोष दोन्ही वेळी ओढवला, तो त्यांनी सोसला.

पैठण, भोकरदन आणि रोम

आता आपल्या मुलखाकडे येऊ. नाशिकच्या लेण्यांतल्या प्राकृत शिलालेखांवरचा भांडारकरांचा निबंध 1874 च्या लंडनच्या प्राच्यविद्या परिषदेसाठी गेला. गौतमीपुत्र सातकर्णी, त्याची आई गौतमी बलश्री आणि मुलगा पुळुमावी ही नावे आज आपल्या इतिहासाच्या पुस्तकात असतात. ती खडकावरून पुस्तकात आणणाऱ्यांत भांडारकर पुढे होते. त्या लेखात सातकर्णीच्या ताब्यातल्या प्रदेशांमध्ये मूलक येतो. मूलक म्हणजे पैठणच्या भोवतालचा, आपल्या शेजारचा मुलूख.

1884 मध्ये त्यांचा दख्खनच्या प्राचीन इतिहासावरचा ग्रंथ आला. मूळ तो मुंबई गॅझेटियरसाठी लिहिला होता. त्यात त्यांनी आपले शिलालेख आणि नाणी एका बाजूला ठेवली आणि रोमन साम्राज्यातल्या लेखकांचे ग्रंथ दुसऱ्या बाजूला. टॉलेमीच्या भूगोलात बैठण नावाचे नगर आणि तिथला सिरो पोलेमायोस नावाचा राजा येतो. बैठण म्हणजे पैठण आणि तो राजा म्हणजे श्री पुळुमावी. तांबडा समुद्र आणि आपला किनारा यांमधल्या व्यापाराची माहिती देणारे 'पेरिप्लस' हे दुसरे पुस्तक. त्यात भरुचहून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर असल्याचे लिहिले आहे. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तगरहून कापड गाड्यांवर लादून भरुचला जाई आणि तिथून जहाजाने पश्चिमेला. त्याच शतकात रोममध्ये प्लिनी लॅटिनमध्ये कुरकुर करत होता, की भारताच्या मालापायी दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स नाणी देशाबाहेर जातात. आपल्या कापसाचा आणि दगडांचा दोन हजार वर्षांपूर्वीचा बाजारभावच जणू!

तगर म्हणजे बीडकडचे धारूर असावे, असे भांडारकरांनी सुचवले होते. पुढे फ्लीट यांनी ते धाराशिवजवळचे तेर असल्याचे दाखवले आणि तेच आज सर्वमान्य आहे. चांगला पुरावा आला की जुना अंदाज मागे घ्यायचा, हा नियम भांडारकरांचाच, आणि तो त्यांनाही लागू पडला.

24 ऑगस्ट 1925 रोजी भांडारकर गेले. त्यानंतर तेरा वर्षांनी, 1938 मध्ये, इटलीत पॉम्पेई शहराच्या अवशेषांत एका घरात हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. वीतभर उंचीची, अंगभर दागिने घातलेली, दोन बाजूंना दोन दासी. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली ते शहर गाडले गेले, तेव्हा मूर्ती त्याआधी कधीतरी तिथे पोचली होती. त्याच उद्रेकात प्लिनीही मेला. ती कुठून गेली हे कित्येक वर्षे कोडे होते. 1973 मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी केळणा नदीकाठी आपल्या भोकरदनला उत्खनन केले आणि तशाच घडणीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती मातीतून वर आली. मणी, शंख आणि हस्तिदंताचे काम करणाऱ्या कारागिरांचे हे गाव होते. तेरलाही तशी मूर्ती मिळालेली आहे. पॉम्पेईची मूर्ती आपल्या या भागातल्या कारागिरांनी घडवली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. भोकरदनचे जुने नाव भोगवर्धन. त्या गावाहून आलेल्या दात्यांची नावे सांचीच्या स्तूपावर कोरलेली आहेत. ती ब्राह्मी अक्षरे आणि त्यातली प्राकृत कोणीतरी शिकून वाचली, म्हणून आज आपल्याला हे ठाऊक आहे.

शेवटची वर्षे

निवृत्तीनंतर 1893 ते 1895 भांडारकर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. 1911 मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. वैष्णव, शैव आणि इतर पंथांच्या इतिहासावरचा त्यांचा मोठा ग्रंथ 1913 चा, म्हणजे वयाच्या शहात्तरीचा. शिष्यांनी आणि चाहत्यांनी 6 जुलै 1917 रोजी, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, पुण्यात प्राच्यविद्या संशोधन संस्था उघडली आणि त्यांनी जन्मभर जमवलेली आपली पुस्तके तिला देऊन टाकली. 1919 मध्ये तिथे महाभारताची चिकित्सक आवृत्ती सुरू झाली. देशभरातल्या पोथ्या शब्दाला शब्द ताडून पाहण्याचे ते काम 1966 पर्यंत चालले. ते पूर्ण झालेले पाहायला भांडारकर नव्हते, पण ज्यांनी ते केले त्यांतल्या कित्येकांनी संस्कृतचे पहिले वाक्य 'मार्गोपदेशिके'वरच लावले असणार.

आज शाळांत संस्कृत घेतले जाते ते बहुतेक वेळा मार्क चांगले पडतात म्हणून. परीक्षा झाली की वही रद्दीत जाते. मुलांना दोष देऊन उपयोग नाही. ही भाषा येत असेल तर आपल्या तालुक्यातल्या मातीखालचे वाचता येते, हे त्यांना कोणी दाखवतच नाही. म्हणून या मेळाव्याच्या निमित्ताने दोन सूचना करतो. आपल्या वर्गणीतून शाळेच्या ग्रंथालयाला भांडारकरांच्या दोन्ही पुस्तकांचे दहा-दहा संच द्यावेत. आणि पुढच्या हिवाळ्यात आठवी-नववीच्या मुलांची एक सहल नेहमीच्या ठिकाणांऐवजी भोकरदनला न्यावी, तिथून पैठणला. गाडीभाडे आपण माजी विद्यार्थ्यांनी उचलावे. इतिहासाच्या सरांनी पॉम्पेईच्या मूर्तीचे चित्र बरोबर घ्यावे आणि संस्कृतच्या बाईंनी वर्तमानकाळाची पाच वाक्ये नदीकाठी मुलांकडूनच बनवून घ्यावीत.